गाडी पात्र, माणूस अपात्र

आपल्याकडे गाडीबद्दलचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती देते? कंपनी सांगते तो आकडा एक, हायवेला मिळतो तो दुसरा आणि सिंहगड रस्त्यावर संध्याकाळच्या गर्दीत मिळतो तो तिसरा, हे विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्यालाही ठाऊक असते. तरी प्रश्न होतोच, कारण महिन्याच्या खर्चाचा अंदाज त्यावरच बांधायचा असतो. जुलै २००९मध्ये अमेरिकेतील लाखो कुटुंबे दारातल्या जुन्या गाडीबद्दल हाच प्रश्न सरकारला विचारत होती. उत्तर गॅलनला १८ मैल किंवा त्याहून कमी आले, तर नव्या गाडीवर साडेतीन ते साडेचार हजार डॉलरची सूट मिळणार होती. १९ आले तर एक सेंटही नाही.

१८ मैल म्हणजे आपल्या हिशेबाने लिटरला साडेसात किलोमीटरच्या थोडे वर. एका मैलाने एक कुटुंब योजनेत आले आणि शेजारचे बाहेर राहिले. कोणत्याही योजनेला कुठेतरी रेघ ओढावीच लागते, हे मला मान्य आहे. माझी तक्रार रेघ ओढण्याबद्दल नाही, ती कशावर ओढली याबद्दल आहे. जुनी गाडी द्या आणि नव्या गाडीवर सवलत घ्या, अशी योजना अनेक देशांत पुन्हा पुन्हा येते. आपल्याकडेही आली आहे. तिच्या जाहिरातीत रक्कम मोठ्या अक्षरात असते आणि पात्रतेच्या अटी खाली बारीक अक्षरात. पण योजना हवेसाठी आहे, कारखान्यांसाठी आहे की गाडीवाल्यासाठी आहे, याचा निकाल त्या बारीक अक्षरातच लागतो. तिथे गाडीचे वय विचारले जाते, कागदावरचे अ‍ॅव्हरेज विचारले जाते. ती वर्षाला किती धावते आणि तिच्यावर कोणाचे घर चालते, हे दोन प्रश्न राहून जातात. माझ्या मते पहिले दोन प्रश्न सोयीचे आहेत आणि राहिलेले दोन खरे.

अमेरिकेची योजना घाईत जन्मली, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. २००८च्या उन्हाळ्यात तिथे पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेले. पाठोपाठ बँका कोसळल्या, कर्जे आटली आणि मोटारींची मागणी बसली. ३० एप्रिल २००९ रोजी क्रायस्लर आणि १ जूनला जनरल मोटर्स दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. २४ जूनला राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी कायद्यावर सही केली. योजनेचे अधिकृत नाव 'कार अलाउन्स रिबेट सिस्टिम'. लोकांनी तिला 'कॅश फॉर क्लंकर्स' म्हटले. क्लंकर म्हणजे आपला खटारा. सुरुवातीला १०० कोटी डॉलर ठेवले होते आणि ते शरद ऋतूपर्यंत पुरतील अशी अपेक्षा होती. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात काम सुरू झाले आणि आठवडा उलटायच्या आत पैसे संपत आले. काँग्रेसने आणखी २०० कोटी दिले, तेही २४ ऑगस्टपर्यंतच पुरले. त्या महिन्याभरात पावणेसात लाखांच्या आसपास जुन्या गाड्या जमा झाल्या. जमा झालेल्या गाड्यांची सरासरी गॅलनला १५.८ मैल, त्यांच्या जागी घेतलेल्या नव्या गाड्यांची २४.९. फोर्ड एक्सप्लोररसारखी धूड वाहने गेली, कोरोला आणि सिव्हिक आल्या. सरकारने याला यश म्हटले, आणि या दोन सरासरींपुरते ते खरेही होते.

आता तो १८चा आकडा. तो कोणाच्या टाकीतून आलेला नव्हता. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, ईपीए, नव्या मॉडेलची प्रयोगशाळेत रोलरवर चाचणी घेऊन शहराचा आणि हायवेचा असे दोन आकडे ठरवते आणि शहराला ५५ टक्के, हायवेला ४५ टक्के वजन देऊन त्यांचा एक आकडा करते. २००८च्या मॉडेलांपासून ही पद्धत अधिक कडक झाली. एसी, थंड हवामान, जास्त वेग हे सारे हिशेबात आले. आकडे खाली घसरले, आणि १९८५पर्यंतच्या जुन्या मॉडेलांचे आकडेही नव्या पद्धतीने पुन्हा बसवले गेले. म्हणजे गाडी घेताना काचेवरच्या चिठ्ठीत ज्याने २० वाचले होते, त्याला पंधरा वर्षांनी सरकारी यादीत त्याच गाडीसमोर १८ दिसू शकत होते. योजनेच्या अगदी तोंडावर ईपीएने यादी पुन्हा तपासली, तेव्हा काही मॉडेले रातोरात आत आली आणि काही बाहेर पडली. सौदा जवळपास पक्का करून बसलेल्या लोकांना कळले की आपली गाडी कालपर्यंत खटारा होती, आज नाही.

दर पाच हजार मैलांना ऑइल बदलणारा आणि काळा धूर सोडत वर्षानुवर्षे गाडी दामटणारा, दोघांची गाडी एकाच मॉडेलची असेल तर त्यांचा आकडा एकच. गाडीच्या एक्झॉस्टमध्ये नळी घालून कोणी काही मोजले नाही. जिचे प्रदूषण कमी करायचे म्हणून तीनशे कोटी डॉलर बाजूला काढले, त्या गाडीचे प्रदूषण मोजण्याची अटच नव्हती.

याहून मोठी चूक सवलतीच्या पायऱ्यांत होती, आणि ती आपणही रोज करतो, म्हणून जरा थांबून समजून घेण्यासारखी आहे. लिटरला ८ किलोमीटर देणारी गाडी काढून १० देणारी घेतली, की आपल्याला वाटते काय फरक पडला? दोनच किलोमीटर तर वाढले. २० देणारी काढून २५ देणारी घेतली तर मात्र मोठी सुधारणा वाटते. आता वर्षाला दहा हजार किलोमीटरचा हिशेब करा. आठची दहा केल्यावर १,२५० लिटरऐवजी १,००० लिटर लागतात, वाचले २५०. विसाची पंचवीस केल्यावर ५००ऐवजी ४०० लागतात, वाचले १००. दोनने वाढलेल्या गाडीने पाचने वाढलेल्या गाडीच्या अडीचपट इंधन वाचवले. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या दोन अभ्यासकांनी २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात हाच भ्रम मांडला होता. योजना त्यानंतर वर्षभराने आली. तिच्यात मोटारींसाठी पायरी अशी होती: नवी गाडी जुनीपेक्षा गॅलनला किमान ४ मैल जास्त देत असेल तर ३,५०० डॉलर, १० मैल जास्त देत असेल तर ४,५००. वर्षाला बारा हजार मैल धरू. १२ मैलांची गाडी देऊन १६ मैलांची घेतली, तर वर्षाला २५० गॅलन वाचतात. पण नवी मोटार किमान २२ मैल देणारीच हवी, ही आणखी एक अट होती, म्हणून ही अदलाबदल योजनेत बसत नाही. १८ची देऊन २२ची घेतली, तर वाचतात जेमतेम १२१ गॅलन, आणि तिला ३,५०० डॉलर मिळतात. दुप्पट बचत करणारा दाराबाहेर आणि अर्धी करणारा आत, कारण नियम मैलांच्या वजाबाकीवर आणि किमान आकड्यावर बांधला होता आणि पेट्रोल भागाकाराने जळते.

आणि हे सगळे गाडी बारा हजार मैल धावते असे धरून. ती किती धावते हे कोणी विचारले का? डीलर जुनी गाडी ताब्यात घेताना ओडोमीटरचा आकडा नोंदवून घेत होते. तो आकडा फायलीत होता, पात्रतेत नव्हता. रविवारी चर्चला आणि बुधवारी किराण्याला जाणारी आजीबाईंची ब्यूक आणि रोज दीडशे मैल धावणारी रंगाऱ्याची व्हॅन एकाच रांगेत उभ्या होत्या. आजीबाईंची गाडी रस्त्यावरून काढून हवेचे जवळपास काहीच भले होत नाही. उलट नवी गाडी तयार करताना जे पोलाद, प्लास्टिक आणि वीज खर्च होते, त्याची भरपाई तिला उरलेल्या आयुष्यात करता येईल का, हीच शंका.

माणसाकडे वळतो. माझ्या मते अन्याय तिथे आहे.

जुनी गाडी किमान वर्षभर त्याच मालकाच्या नावावर नोंदलेली आणि सलग विमा उतरवलेली असावी, अशी अट होती. तिचे कारण उघड आहे. ती नसती तर भंगाराच्या यार्डात दोनशे डॉलरला मिळणारे सांगाडे ओढून आणून लोकांनी साडेचार हजार वसूल केले असते. गाडी चालती असली पाहिजे ही अटही त्यासाठीच. सरकारी पैशाच्या राखणीसाठी अशी कुंपणे लागतात. पण २००९ साल डोळ्यांसमोर आणा. ज्याची नोकरी २००८च्या शेवटी गेली, त्याने पहिल्यांदा काय बंद केले असेल? घराचा हप्ता चुकवता येत नाही, मुलांचे दूध बंद करता येत नाही. त्याने गाडी अंगणात उभी केली आणि विम्याचा हप्ता थांबवला. ज्या मंदीवर उतारा म्हणून योजना आली, त्या मंदीने ज्याला आधी गाठले, तोच विम्यातल्या तीन महिन्यांच्या खंडामुळे अपात्र ठरला.

समजा विमा होता. तरी सूट फक्त नव्या गाडीवर. चार वर्षे वापरलेली, तितकेच मैल देणारी कोरोला घेऊन भागले असते, तर तिच्यावर काही नाही. नवी गाडी म्हणजे कर्ज, आणि कर्ज म्हणजे पगाराची पावती. साडेचार हजारांची सूट ज्याला खरोखर गरजेची होती, त्याच्याकडे उरलेले बारा-पंधरा हजार नव्हते. आणि ज्याच्याकडे ते होते, तो आज ना उद्या गाडी घेणारच होता. नव्या गाडीच्या किमतीला कमाल मर्यादा होती, ४५ हजार डॉलर. घेणाऱ्याच्या उत्पन्नाला मर्यादा नव्हती.

हा माझा केवळ अंदाज नाही, आणि तो तपासण्याची सोय खुद्द त्या १८-१९च्या रेघेनेच करून दिली. मार्क होक्स्ट्रा, स्टीव्हन पुलर आणि जेरेमी वेस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी टेक्सासमधील कुटुंबांची तुलना केली: एकीकडे ज्यांची जुनी गाडी १८ मैलांची होती ती, दुसरीकडे १९ची होती ती. एका मैलाचा फरक सोडला तर ही माणसे सारखीच. त्यांना आढळले की सवलतीचा सुमारे ६० टक्के हिस्सा जुलै-ऑगस्टच्या दोन महिन्यांत तशीही गाडी घेणाऱ्या कुटुंबांकडे गेला. उरलेल्यांनीही काही महिन्यांतच घेतली असती. याहून धक्कादायक भाग पुढचा आहे. जास्त मैल देणारी गाडी म्हणजे बहुतेक वेळा लहान आणि स्वस्त गाडी. त्यामुळे लोकांनी एरवी घेतली असती त्यापेक्षा कमी किमतीची गाडी घेतली आणि नव्या गाड्यांवरचा एकूण खर्च वाढण्याऐवजी घटला. अतिफ मियाँ आणि आमिर सूफी यांनी शहरागणिक आकडे पाहून असाच निष्कर्ष काढला: जुलै-ऑगस्टमध्ये साडेतीन लाखांहून जास्त गाड्या अधिक खपल्या खऱ्या, पण मार्च २०१०पर्यंत ती वाढ जवळजवळ पूर्ण पुसली गेली. पुढच्या महिन्यांतील गिऱ्हाईक अलीकडे ओढले गेले, इतकेच. कारखान्यांना उभारी आणि हवेला मोकळा श्वास या दोन्ही गोष्टी एकाच अटीतून काढायला गेल्यावर दोन्ही अर्धवट राहिल्या.

या योजनेवर एक आक्षेप तेव्हा फार ऐकू आला. ज्याने आधीच शहाणपणाने लहान गाडी घेतली त्याला काही नाही, आणि ज्याने पेट्रोल पिणारे धूड घेतले त्याला बक्षीस, हा कुठला न्याय? महाराष्ट्रातल्या वाचकाला हा सूर अनोळखी नाही. प्रत्येक कर्जमाफीनंतर वेळेवर हप्ते भरणारा शेतकरी हेच म्हणतो, आणि त्याच्या बोलण्यात दुखावलेपण असते ते खरे असते. तरीही गाडीच्या बाबतीत मला हा आक्षेप पटत नाही. वाईट गाडी रस्त्यावरून काढायची तर पैसे वाईट गाडीच्या मालकालाच द्यावे लागतील. बचत तिथेच आहे, वर केलेला आठ आणि दहाचा हिशेब तेच सांगतो. वाईट गाडीच्या मालकाला पैसे दिले याचे मला वाईट वाटत नाही. त्यांतल्या ज्याला गरज नव्हती त्याला दिले आणि गरज होती त्याला दाराशी थांबवले, याचे वाटते.

जमा झालेल्या गाड्यांचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. गाडी पुन्हा रस्त्यावर येऊ नये म्हणून इंजिनातले ऑइल काढून त्यात सोडियम सिलिकेटचे द्रावण ओतायचे आणि इंजिन चालू ठेवायचे. उष्णतेने पाणी उडते, काचेसारखा थर सगळीकडे बसतो आणि काही मिनिटांत इंजिन सीझ होते. मग गाडी भंगारात. डीलरकडच्या मेकॅनिकांनी चालती, गुळगुळीत आवाजाची इंजिने अशी आपल्या हाताने मारली. गाडी दुरुस्त करण्यात ज्याची हयात गेली, त्याला ते काम कसे वाटले असेल याचा विचार मनात येतो. पण या अटीच्या मी बाजूने आहे. जर्मनीने त्याच वर्षी नऊ वर्षांहून जुन्या गाडीसाठी २,५०० युरो दिले, एकूण ५०० कोटी युरो खर्चून सुमारे वीस लाख गाड्या मोडीत घेतल्या. तिथे इंजिन मारण्याची अशी सक्ती नव्हती, आणि मोडीत निघालेल्या म्हणून नोंदलेल्या काही गाड्या परदेशात विकल्या गेल्याचे पुढे उघड झाले. पैसे जर्मन सरकारचे गेले, धूर दुसऱ्याच देशात निघाला.

याहून बरी रेघ ओढता येते का? कॅलिफोर्नियात ती काही प्रमाणात ओढली गेली आहे. तिथे दर दोन वर्षांनी होणाऱ्या धूर-तपासणीत नापास झालेली गाडी सरकार विकत घेते. रक्कम रोख मिळते. नवी गाडी घेण्याची सक्ती नाही. कमी उत्पन्न असेल तर रक्कम जास्त. गाडी मोडायची नसेल तर दुरुस्तीलाही मदत मिळते. सॅन वॉकिन खोऱ्यात, जिथे शेतमजुरांची वस्ती मोठी आणि हवा देशातील सर्वांत वाईट हवांपैकी, तिथे सुट्टीच्या दिवशी मैदानात शिबिर भरते. लोक आपल्या गाड्या घेऊन येतात, तिथल्या तिथे धूर मोजला जातो आणि नापास झाला तर दुरुस्तीचे कूपन हातात मिळते. 'क्लीन कार्स फॉर ऑल' ही योजना तर उत्पन्नाची मर्यादा घालूनच सुरू होते, आणि तिच्या पैशातून वापरलेली स्वच्छ गाडी घेता येते, काही भागांत गाडीऐवजी बसचा पास किंवा विजेवरची सायकलही. ही योजना संथ आहे, लहान आहे, कागदपत्रे तिच्यातही पुष्कळ लागतात. पण तिने गाडीचा धूर आणि माणसाची कमाई, दोन्ही मोजले.

आपल्याकडे काय आहे? दिल्लीत रेघ वयावर ओढली गेली: डिझेल दहा वर्षे, पेट्रोल पंधरा. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१४ आणि २०१५च्या आदेशांनी ती आली आणि २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. परिणाम आपल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात कोणीही पाहू शकतो. दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त मिळते, ना हरकत प्रमाणपत्र घेऊन ती इथे येते आणि पुढची दहा वर्षे आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर धावते. १ जुलै २०२५पासून वय झालेल्या गाड्यांना दिल्लीच्या पंपांवर इंधन नाकारायचे ठरले आणि काही दिवसांतच ते थांबवावे लागले. त्याच ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केवळ वयावरून सक्तीची कारवाई करू नका असे सांगितले. वयाची रेघ नेहमीच चुकीची असते असे मी म्हणणार नाही. मुंबईच्या टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची प्रीमियर पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली आणि ऑक्टोबर २०२३ संपता संपता ती काळी-पिवळी रस्त्यावरून गेली; अनेक मुंबईकरांना तेव्हा भरून आले. पण टॅक्सी दोन पाळ्यांत दिवसरात्र धावते, तिचे वय तिच्या किलोमीटरबद्दल खरेच काही सांगते. घरगुती गाडीचे वय तसे काही सांगत नाही.

देशभरासाठी ऑगस्ट २०२१मध्ये जे वाहन मोडीत धोरण आले, ते कागदावर अमेरिकेच्या योजनेपेक्षा शहाणे आहे. त्यात मोडीची सक्ती वयाने नाही, फिटनेस तपासणीत नापास होण्याने आहे, आणि ती तपासणी माणसाच्या नजरेवर न सोडता यंत्रांवर घ्यायची आहे. नोंदणीकृत केंद्रात गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र मिळते. नवी गाडी घेताना त्यावर नोंदणी शुल्क माफ, आणि रस्ताकरात खासगी वाहनाला २५ टक्क्यांपर्यंत, व्यावसायिक वाहनाला १५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची मुभा राज्यांना आहे.

इथे दोन गोष्टी खटकतात. सूट टक्क्यांत आहे. रस्ताकर गाडीच्या किमतीवर लागतो. म्हणजे मोडीत दिलेली गाडी तीच असली तरी सात लाखांची गाडी घेणाऱ्याला जितकी सूट मिळेल, त्याच्या कितीतरी पट चाळीस लाखांची घेणाऱ्याला मिळेल. दुसरे, जो पोटासाठी गाडी चालवतो त्याची टक्केवारी पंधरा आणि जो सोयीसाठी चालवतो त्याची पंचवीस. व्यावसायिक वाहन सर्वांत जास्त धावते, सर्वांत जास्त धूर सोडते आणि सर्वांत गरीब मालकाचे असण्याची शक्यताही तिथेच जास्त. तिथे सूट जास्त हवी होती.

माझ्याकडे २००७ सालची अल्टो आहे. २०२२मध्ये तिला पंधरा वर्षे झाली, तेव्हा पुनर्नोंदणीसाठी घेऊन गेलो. त्याच एप्रिलपासून शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झाले होते, वर पर्यावरण कराचे ३,०००. चेसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासली, छाप घेतला, निरीक्षकांनी दिवे लावायला सांगितले, हॉर्न ऐकला, गाडीभोवती एक फेरी मारली. पाच वर्षांची मुदत मिळाली. ती वर्षाला तीन हजार किलोमीटरही धावत नाही, हे कोणी विचारले नाही आणि मी सांगितले असते तरी लिहायला रकाना नव्हता. आमच्या भागात पहाटे भाजी उतरवणारा एक टेम्पोवाला आहे. त्याचा छोटा हत्ती माझ्या अल्टोपेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान, पण तो मार्केट यार्डाच्या फेऱ्या धरून वर्षाला तीस हजारांच्या पुढे जातो. त्याला मोडीत धोरण ठाऊक आहे. त्याने हिशेबही केला आहे: मोडीत दिला तर वजनाचे पैसे येतात, तालुक्याच्या गावात विकला तर त्याहून बरेच जास्त येतात, आणि दोन्हीत मिळून नव्या गाडीचे डाउन पेमेंट होत नाही. म्हणून तो इंजिनचे काम करून घेतो आणि चालवत राहतो. त्याच्या जागी मी असतो तर हेच केले असते.

मात्र याच धोरणात एक चांगली तरतूद आहे, जिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. ठेव प्रमाणपत्र हस्तांतरित करता येते. ज्याने जुनी गाडी दिली त्यानेच नवी घ्यावी असे बंधन नाही. तो प्रमाणपत्र दुसऱ्याला विकू शकतो. अमेरिकेत हे दोन व्यवहार एकाच माणसाच्या गळ्यात बांधले होते, आणि तिथेच गरीब माणूस गळाला. आपण ते तत्त्वतः सोडवलेले आहेत. आता प्रमाणपत्राला खरी किंमत आली पाहिजे. सरकारने ती सूट टक्क्यांतून काढून ठरावीक रकमेत आणावी, आणि रक्कम नव्या गाडीच्या किमतीवरून नाही, जुनी गाडी किती धावत होती त्यावरून ठरवावी. व्यावसायिक वाहन फिटनेसला ठरावीक मुदतीने येतेच. प्रत्येक वेळी ओडोमीटर लिहून घेतला तर तीन-चार नोंदींची साखळी तयार होते, आणि एका रात्रीत मीटर मागे फिरवून ती जुळवणे सोपे राहत नाही. ज्या टेम्पोने गेल्या तीन वर्षांत लाखभर किलोमीटर कापले, त्याच्या प्रमाणपत्राला माझ्या अल्टोच्या दहापट भाव मिळावा. ते पैसे त्याने नव्या गाडीत घालावेत, चार वर्षे वापरलेल्या सीएनजी टेम्पोत घालावेत, की हा धंदाच सोडून दुसरे काही करावे, ते त्याने ठरवावे. हवेचे काम जुने इंजिन बंद पडले तेव्हाच झालेले असते.

यावर कोणी म्हणेल की मग मोटार कंपन्यांना काय मिळाले? काही नाही, आणि नसावे. कारखाने वाचवायचे असतील तर त्याची वेगळी योजना करा आणि तिला तेच नाव द्या.

आजच्या नियमांत माझ्यासारख्या माणसाला अल्टो मोडीत देऊन मोठी गाडी घेणे आणि करात सूट मिळवणे अगदी सोपे आहे. कागदपत्रे पूर्ण आहेत, विमा सलग आहे, कर्ज मिळायला अडचण नाही. टेम्पोवाल्याकडे यातले अर्धेच आहे. आमच्या दोघांपैकी एकाच गाडीसाठी सरकारकडे पैसे असतील, तर ते माझ्या अल्टोवर खर्च होऊ नयेत, हे मी तिचा मालक म्हणून लिहितो आहे.